लिंबू शेवटी

३ फेब्रुवारी

मेहुणेबुवांस,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण तुझ्यासारख्याला तो लागू पडतो की नाही याबद्दल शंका आहे, म्हणून राखून ठेवतो.

पत्र मुद्दाम तुझ्या घरी न पाठवता कँटीनच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी तुझी अक्का आहे, आणि हे तिच्या हाती पडता कामा नये. फोन केला असता, पण रंगखान्यातल्या यंत्रांनी माझे कान अर्धे खाल्ले. तुला ओरडून बोलावं लागेल, आणि तू ओरडलास की तुमच्या अख्ख्या गल्लीला आमचा संसार पाठ होईल.

अक्का तुझ्याकडे का आली ते तिनं आपल्या परीनं सांगितलंच असेल. आता खरं ऐक. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंबरोबर ती एका गोठ्यावर गेली होती. तिथं म्हणे एक वासरू बांधलेलं होतं, आणि त्यानं आईला पिऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला खिळ्यांची पट्टी होती. झालं. घरी आली ती दूध, दही, लोणी, सगळं बंद करूनच. याला आता वीगन म्हणतात. मी विरोध केला का? मुळीच नाही. मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालो की आमच्याकडे सध्या जेवायला दोघं असतात, एक माणूस आणि एक शेळी. सगळे पोट धरून हसले. विनोद चांगलाच होता. पण तुमच्या घराण्याला विनोदाचं वावडं.

वर त्याच जेवणात मी पहिला घास घेतला आणि सवयीनं म्हणालो, "एक छटा कमी." तुला ठाऊक आहे, रंगखान्यात माझ्या निकालाशिवाय कापडाचा एकही तागा बाहेर जात नसे. कापड खिडकीच्या उजेडात धरायचं, नजर लावायची, आणि सांगायचं. ती नजर घरी येताना काढून खुंटीला टांगता येत नाही. तिनं डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "मी जे खाते ते एकदा स्वतःच्या हातानं करा आणि मला वाढा. निकाल मी देईन. पास झालात तर राहीन." आणि पाहुणे गेल्यावर पिशवी भरून निघून आली तुझ्याकडे.

मी रागावलेलो नाही. मोठ्या मनानं तिची अट मान्य करायचं ठरवलं आहे. तू कँटीन चालवतोस, तेव्हा एखादा पदार्थ कळव. दुधातुपाचा थेंब नको. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की बिचाऱ्यानं जिवाचं रान केलं. प्रत्यक्षात मात्र पंधरा मिनिटांत व्हायला हवा. मला पेपरही वाचायचा असतो. चहा सोडून आजवर मी काही केलेलं नाही, पण चहा काय सोपा असतो का?

घर झकास चाललं आहे. शांतता आहे. हल्ली मी रेडिओ दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल इतका मोठा लावतो.

तुझा दाजी


९ फेब्रुवारी

दाजींना नमस्कार,

वाकून केलेला नाही. पिठाची गोणी उचलताना कंबर धरली आहे, तेव्हा उभ्या उभ्याच गोड मानून घ्या.

तुमचं पत्र पोचलं. वाचून डोळे भरून आले. कांदा चिरत होतो. अक्का बरी आहे. घरी पडून असते, आराम करते. तुमचं नाव काढत नाही, म्हणजे मनात असणारच.

पंधरा मिनिटांत होणारा पदार्थ विचारलात. आहे. आमच्याकडे बस दुरुस्त करणारी माणसं येतात. कोपरापर्यंत ग्रीस, आणि जेवणाची सुट्टी बोटभर. त्यांच्यासाठी हल्ली पांढऱ्या घेवड्याचं सूप करतो. भांड्यावर उड्या पडतात. लिहून देतो, नीट वाचा, चष्मा लावून.

पातेल्यात तेल. त्यात कांदा आणि बराचसा लसूण मऊ होईपर्यंत परतायचा, लाल करायचा नाही. मग पांढरा घेवडा आणि पाणी. एक उकळी आली की अर्धा घेवडा डावाच्या पाठीनं तिथंच चेचायचा. सूप आपोआप दाट होतं, सायीबियीची आठवणही येत नाही. मीठ, मिरी. संत्र्याची साल किसून घालायची, फक्त वरचा केशरी भाग. भांडं खाली उतरवायचं. मग लिंबू पिळायचं आणि वरून पुदिना, शेपू, कोथिंबीर, जे ताजं मिळेल ते मुठीनं. लिंबू शेवटी. पुन्हा लिहितो, लिंबू शेवटी. झालं तुमचं सूप.

यात बिघडण्यासारखं काही नाही. पण तुम्ही करणार आहात, तेव्हा शेजारी पाण्याची बादली ठेवा.

तुमचा मेहुणा

ता. क. शेळीला पुदिना आवडतो म्हणतात.


१७ फेब्रुवारी

मेहुण्या,

तुझ्या सुपानं एका बाईचा दात घेतला.

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर तुला तोंड लपवायला जागा राहणार नाही. तुझी कृती वाचल्याबरोबर मला तिच्यात एक ढोबळ चूक दिसली. तू लिहितोस, लिंबू शेवटी. अरे, हे काय भिंतीला चुना मारणं आहे, वरून फासला की झालं? तीस वर्षं मी कापड रंगवलं. रंगात घालण्याआधी कापड तुरटीच्या पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे धागा तयार होतो, आणि मग चढलेला रंग मरेपर्यंत सुटत नाही. जे कापडाला तेच घेवड्याला. म्हणून मी आणलेला घेवडा आदल्या दिवशीच भरपूर लिंबाच्या आणि संत्र्याच्या रसात भिजत घातला. आंबटपणा आतपर्यंत मुरावा हा हेतू. तुझ्या कँटीनमध्ये एवढा विचार करणारं माणूस नसणार, म्हणून बारकाईनं लिहितो आहे.

मग दाणे पातेल्यात घातले. पंधरा मिनिटं झाली. दाणे जसेच्या तसे. म्हटलं, शेगडी मंद असेल. मोठी केली. पेपर वाचून झाला, मग कालचाही वाचला. पाणी आटलं, पुन्हा घातलं. तरी दाणे पातेल्याच्या तळाशी खडखडतच होते. चेचायला गेलो तर एक दाणा उडून खिडकीच्या काचेवर बसला. काच तडकली. दाणा शाबूत.

शिंपीणबाईंना चव बघायला बोलावलं होतं. बऱ्या मनाच्या आहेत. अक्का गेल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण बोलावल्यावर आल्या. त्यांनी चमचा तोंडात घातला, काहीतरी कट्कन वाजलं, आणि त्यांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालातून दाताची टोपी निघाली. मला वाटलं चिडतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "अक्का बरोबर वागली." आणि वर निघून गेल्या.

तेव्हा एक तर तू कृती चुकीची दिलीस, नाही तर वाण्यानं घेवडा म्हणून खडी दिली. दोहोंपैकी काय ते कळव.

आणखी एक. आमच्या रंगखान्यातला जुना फिटर सध्या तुमच्या बस कारखान्यात आहे. परवा तो इकडे आला होता. सांगत होता, तुमच्या कँटीनला सूप वाढायला नवीन बाई आली आहे आणि रांग दाराबाहेर जाते. तोंडानं फटकळ आहे म्हणे. कुणी खोड काढली की त्याच्यासमोरचा वाडगा उचलून मागच्याला देते, आणि तो मागचा टाळ्या वाजवतो. असली बाई तुला कुठून सापडली? एक पथ्य पाळ, तिची आणि अक्काची गाठ पडू देऊ नकोस. आधीच ती सरळ नाही. त्यात असल्या बाईची संगत लागली तर मला आयुष्यभर चहावर राहावं लागेल.

दाजी


२३ फेब्रुवारी

दाजी,

पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसण्यासाठी, एकदा शिंपीणबाईंसाठी.

अहो, घेवडा म्हणजे धोतर नव्हे. आंबटात पडला की तो शिजायचं नावच घेत नाही. साल आवळून बसतो, तुमच्यासारखा. दिवसभर उकळलात तरी हटणार नाही. म्हणून तर लिंबू शेवटी, हे मी दोनदा लिहिलं होतं. साध्या पाण्यात भिजवा, साध्या पाण्यात मऊ शिजवा, मग पुढचं. आता म्हणाल की हे आधी का नाही लिहिलंस. मला वाटलं, माणसाला एवढं ठाऊक असतं. चूक माझी. मी समोर माणूस आहे असं धरून चाललो.

त्या नव्या बाईचं म्हणाल तर, आहे एक. तात्पुरती. हात चांगला आहे, जीभ त्याहून धारदार आहे, पण गिऱ्हाइकाला आवडते. तुम्ही त्याची काळजी करू नका.

अक्काच्या बाबतीत मात्र घाई करू नका, हा माझा मनापासून सल्ला. असं कच्चं सूप घेऊन आलात आणि नापास झालात तर पुन्हा संधी नाही. महिना-दोन महिने सराव करा. उन्हाळा जाऊ द्या. तिला इथं काही कमी नाही, आणि मला तिचा मुळीच त्रास नाही. उलट सोबतच होते.

तुमच्याच भल्यासाठी लिहितो आहे.

मेहुणा


४ मार्च

मेहुणेबुवा,

सूप जमलं.

घेवडा साध्या पाण्यात भिजवला, साध्या पाण्यात शिजवला. तुझं ऐकावं लागलं याचं दुःख आहे, पण ते बाजूला ठेवू. तू लिहिलेली पंधरा मिनिटं मला अजून कुठं सापडलेली नाहीत. मी सकाळी उभा राहिलो तो दुपारीच हललो. मध्येच दार वाजलं, पण शेगडी सोडून जाता येईना. कांद्यानं डोळे गेले, शेपू धुतला तर त्यातून निम्मी जमीन निघाली, बोट किसणीवर गेलं. शेवटी मात्र भांडं उतरवलं, लिंबू पिळलं, वर हिरवं टाकलं, आणि असा वास सुटला की मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून, "वा," म्हणालो.

लगेच वाडगा घेऊन वर शिंपीणबाईंकडे गेलो. त्यांनी बराच वेळ वाडग्याकडे बघितलं. भीती वाटणं साहजिक आहे. मग चमचा घेतला. मी दारातच उभा. हातात फडकं. बाईंनी खाल्लं. डोळे मिटले. खिडकीकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "एक छटा कमी."

मेहुण्या, ही काय रीत झाली? माणूस सकाळपासून पायांवर उभा आहे, बोटाला चिंधी गुंडाळली आहे, तुमच्या तोंडाकडे डोळे लावून थांबला आहे, आणि तुम्ही तीन शब्द फेकून मोकळे? कुठली छटा, किती कमी, काही सांगाल की नाही? बरं, एवढं बोलून बाईंनी वाडगा चाटूनपुसून रिकामा केला. म्हणजे आवडलं होतं! मग ते बोलायला काय हरकत होती? जीभ झिजते का? मी तसाच खाली आलो. उरलेलं सूप माझ्याच्यानं गिळवेना. काही माणसांना दुसऱ्याच्या कष्टांची किंमत कळतच नाही, हेच खरं.

महिना-दोन महिने थांबण्याची माझी तयारी नाही. रेडिओचाही आता कंटाळा आला. सोमवारी सूप डब्यात भरून मी तुझ्याकडे येतो. आधी कँटीनवर येईन, तिथून तू मला घरी घेऊन चल. अक्काला आधी सांगू नकोस.

दाजी


७ मार्च

दाजी,

येऊ नका.

सोमवारी कँटीनमध्ये भिंती रंगवायला काढल्या आहेत. मंगळवारी मी गावात नाही. बुधवारी अक्काला सर्दी होणार आहे, लक्षणं दिसायला लागली आहेत. शिवाय सूप प्रवासात आंबतं. नुकसान तुमचंच.

मागाहून कळवतो. तोवर उत्साह असाच ठेवा, पण घरात ठेवा.

मेहुणा


१३ मार्च

अहो,

हे पत्र मी लिहिते आहे. आजवर आपल्यात पत्र लिहायची वेळ आली नाही, कारण तुम्ही जे बोलायचात ते ऐकायला मी समोरच असायची.

आधी एक सांगून टाकते. पत्र माझ्या हाती पडू नये म्हणून तुम्ही कँटीनच्या पत्त्यावर पाठवत होतात. कँटीनचं टपाल गल्ल्यावर येतं. गल्ल्याशेजारी सुपाचं पातेलं आहे, आणि पातेल्याशेजारी मी. तुमचं प्रत्येक पत्र माझ्या भावाच्या आधी मी वाचलं आणि डिंक लावून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याची उत्तरंही टपालात जाण्याआधी गल्ल्यावरच पडून असायची, तीही वाचली. शेळी पहिल्याच पत्रात भेटली. विनोद लिहूनही तितकाच वाईट आहे.

धाकट्याला वाटत होतं की मला काही ठाऊक नाही. मला म्हणायचा, "दाजींचं काहीच पत्र नाही गं, विसरलेले दिसतात." तुम्हाला लिहायचा की मी घरी पडून आराम करते. इथं मी सकाळी सर्वांत आधी येते आणि भांडी पालथी घालून जाते. माझ्या सुपावर त्याची रांग दाराबाहेर गेली, म्हणून उन्हाळा जाऊ द्या, महिना-दोन महिने सराव करा. मी गप्प बसून बघत होते की माझ्या नवऱ्याला आणि माझ्या भावाला खोटं किती सुचतं ते. दोघंही पास झालात. तुम्ही दोघं पुरुष एकमेकांना मला कसं सांभाळायचं ते लिहीत होतात, आणि टपाल मी फोडत होते.

त्यानं दिलेली कृती माझीच आहे. फक्त त्यानं अर्धं वाक्य गिळलं. सूप पंधरा मिनिटांत होतं ते खरं, कारण घेवडा आदल्या दिवशी शिजवून ठेवलेला असतो. तो काही आपोआप शिजत नाही. कुणीतरी त्याच्यापाशी उभं असतं. आपल्या घरी आजवर जे जे पटकन झालं, ते असंच झालं. तुम्ही ती पंधरा मिनिटं शोधत होतात ना? ती माझ्याकडे होती.

आता सोमवारचं. तुम्ही आलात ते मी लांबूनच ओळखलं, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होतात. धाकटा तुम्हाला बघून कोठाराकडे पळाला आणि कांद्याच्या पोत्यामागे उभा राहिला, कंबर धरलेली असताना. तुम्ही रांगेत लागलात. पुढच्यांच्या पाठी हलत गेल्या, आणि मग पातेल्यापाशी तुम्ही आणि मी. तुमचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मी वाडगा भरला आणि पुढे केला. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक.

तुम्ही तिथंच बाजूला उभे राहून चमचा भरला. सवय कुठं जाणार, चमचा खिडकीच्या उजेडाकडे नेलात. मागची माणसं थांबली. तुमचा तो फिटरही होता रांगेत, त्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं. सगळ्यांना ठाऊक आहे की इथं खोड काढणाऱ्याचा वाडगा जातो. माझा हात तयारच होता.

खरं सांगते. एवढ्या माणसांनी रोज वाडगे चाटले, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. तुमच्या एका चमच्याशी मात्र मी जणू पुन्हा आपल्या घरच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, हातात फडकं घेऊन. मग स्वतःचाच राग आला.

तुम्ही खाल्लंत. सगळा वाडगा संपवलात, पावानं पुसून घेतलात. मग वाडगा माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "आणखी."

फिटर म्हणाला, "बाई, हा निकाल समजायचा का?" मी म्हटलं, "रांग पुढे सरकवा."

मी दुसऱ्यांदा वाढलं. तो वाडगाही तुम्ही संपवलात, डबा फळीवर ठेवलात आणि पहिल्या गाडीनं निघून गेलात. थांबला असतात तर मी बोलले असते. कदाचित म्हणूनच थांबला नाहीत.

डबा मी सगळे गेल्यावर उघडला. निकाल देते, ठरल्याप्रमाणे. घेवडा मऊ शिजला आहे. मीठ बरोबर. शेपू नीट धुतलेला, एकही कण दाताखाली आला नाही. संत्र्याची साल तुम्ही पांढऱ्यापर्यंत खरवडली आहे, त्यामुळे मागे कडवटपणा राहतो. धाकट्यानं लिहिलं होतं, फक्त केशरी भाग. पण हात लावला की तळापर्यंत जायची तुमची खोडच, कापड असो, साल असो, बायको असो. आणि सूप प्रवासात आंबलेलं नव्हतं, हे धाकट्याला चमचाभर देऊन दाखवलं.

सगळं संपवलं मी. चांगलं झालं होतं. चांगलं झालं होतं, असं लिहायला मला काही कष्ट पडले नाहीत, बघा. आणि छटा वगैरे मी काही शोधली नाही.

काम मी सोडणार नाही. दर आठवड्याला सोमवार ते शनिवार इथं राहीन. धाकट्याला सांगितलं आहे की फळ्यावर सुपापुढे "अक्का" असं लिहायचं, "नवी बाई" नाही. रविवारी कँटीन बंद असते, तेव्हा शनिवारी संध्याकाळी घरी येत जाईन आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतेन. त्यातून पुढे कसं वागता ते बघू.

दूध मी परत घेणार नाही. ते वासरू अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुम्हाला घ्यायचं तर घ्या, पण पाहुण्यांसमोर माझ्या नावानं हसायचं नाही. शिंपीणबाईंच्या दाताच्या टोपीचं काय ते आधी निस्तरा. आणि त्यांना एक विचारा, ती छटा नेमकी कुठली कमी होती. सांगणार नाहीत. मीच त्यांना तसं म्हणायला कळवलं होतं.

या शनिवारी येते. मला बसायला सांगा, समोर वाडगा ठेवा, आणि माझा चमचा तोंडात जाईपर्यंत उभे राहा.

अक्का


शनिवार

अक्के,

हे पत्र टपालात टाकलं तर तू आधी पोचशील, आणि दुसरंच कुणी फोडेल. म्हणून टाकत नाही, तुझ्या वाडग्याखाली ठेवतो.

घेवडा साध्या पाण्यात भिजवला. साल वरवरची किसली. दूधवाल्याला दूध बंद म्हणून कळवलं आहे, आणि त्याला वासराचंही विचारलं. तो किटली उचलून पुढच्या दाराशी गेला. टोपी बसवून झाली, शिंपीणबाई खाली येऊन दोन वाक्यं बोलल्या. रेडिओ बंद आहे, जिन्यावरचं पाऊल ऐकू यावं म्हणून. या कानांनी येईल की नाही कोण जाणे, तेव्हा दार उघडंच ठेवलं आहे.

लिंबू कापून ठेवलं आहे. तू बसल्यावर पिळीन.

उभा आहे.